व्याह्यांचं मलम

कडाव, ता. कर्जत
३ नोव्हेंबर २०२४

धाकलूबुवा, तुमच्या व्याह्याचा म्हणजे नवनाथचा नमस्कार घ्यावा.

फोनच केला असता. पण मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे?" विचारलं, तेव्हा तुम्ही "यंदा बरं पिकलंय, झोडणी बाकी आहे" असं उत्तर दिलंत. मग प्राचीच म्हणाली, "अप्पांना पत्र लिहा, बाबा. एसटीच्या इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत." तुमची लेक आमच्या घरात सून म्हणून आल्यापासून या घरात शहाणपणाची एक तरी गोष्ट रोज बोलली जाते. त्याआधी माझ्यामुळे ते प्रमाण कमी होतं.

तिच्याकडूनच कळलं की भातकापणीत तुमच्या डाव्या पायाला, करंगळीच्या बाजूला, विळा लागला. ऐकून फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, थोडा आनंदही झाला. कारण माझं मलम तयार होऊन बसलं होतं आणि गावात कुणाला साधं खरचटतही नव्हतं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी मधमाशीपालनाचं शिबिर केलं, हे तुम्हाला माहीत आहे. परसात सातेरी माशांच्या पेट्या ठेवल्या. पहिला मध काढला त्या दिवशी एक माशी नाकावर चावली आणि एक वरच्या ओठावर. आठवडाभर लोक मला बघून वाट सोडत होते. तर त्या मधात मी त्याच पोळ्याचं मेण खोबरेल तेलात वितळवून घातलं, घरची हळद घातली आणि बांधावरच्या दगडी पाल्याचा रस घातला. आपण लहानपणी गुडघा फुटला की चोळून लावायचो तोच पाला. आतापर्यंत हे मलम मी स्वतःच्या भाजलेल्या बोटाला आणि शेजारच्या म्हशीच्या खांद्याला लावलं आहे. दोघंही बरे आहोत. म्हशीने तर तक्रारही केली नाही.

आमचा निलेश कंपनीच्या बसने जाताना चौकच्या नाक्यावर दुकानात बरणी देईल. सकाळ-संध्याकाळ लावा.

तुमचा,
नवनाथ


चौक, ता. खालापूर
९ नोव्हेंबर २०२४

नवनाथबुवांना धाकलूचा रामराम.

बरणी मिळाली. झाकण उघडलं तर घरभर वास पसरला. आमच्या हिला वाटलं तुम्ही मिठाई पाठवली. तिने बोट बुडवून चाखलं, मग दगडी पाल्याची चव लागली. त्यानंतर ती जे बोलली ते व्याह्यांना लिहिण्यासारखं नाही.

मलम लावलं. लावून ओट्यावर जरा आडवा झालो. डोळा लागला. उठून बघतो तर भिंतीपासून माझ्या पायापर्यंत मुंग्यांची रांग. एसटीत असताना माझ्या गाडीला इतकी गर्दी कधी झाली नाही. आता मलमावर फडकं बांधतो, फडक्यावर मोजा घालतो.

पण गुण आहे हो तुमच्या हाताला. जखम अजिबात दुखत नाही. विळा चांगला खोल गेला होता, तरी बोटाने दाबलं तरी काही वाटत नाही. निलेशरावांना सांगा, नाक्यावर उतरून घरी यायची गरज नाही, बस चुकेल. प्राचीला सातवा लागतोय, तिला उगाच काळजीचं काही बोलू नका.

तुमच्या म्हशीला माझा नमस्कार. ती आणि मी आता एकाच औषधावर आहोत.

आपला,
धाकलू


कडाव
१४ नोव्हेंबर २०२४

धाकलूबुवा,

तुमचं पत्र मी आधी मनात वाचलं, मग घरच्यांना वाचून दाखवलं, मग दुधाच्या डेअरीवर जाऊन चार लोकांना वाचून दाखवलं. "अजिबात दुखत नाही" हे वाक्य तर मी दोनदा वाचलं. एकाने विचारलं, "यात तुमचं कौतुक किती आणि व्याह्यांचं मन राखणं किती?" असे लोक गावात असतातच.

आता पुढचं ऐका. पळसदरीला शनिवार-रविवारी धरणावर मुंबईची माणसं येतात. तिथे बचत गटाच्या बायका भाकरी-पिठल्याचा स्टॉल लावतात. कोपऱ्यात माझ्या बरण्या ठेवायला त्या तयार झाल्या. मी उत्साहाच्या भरात कर्जतला जाऊन लेबलंही छापून आणली. "जखमेवर खात्रीशीर मलम" असं लिहायचं होतं. छापणाऱ्याने "खात्रीशीर जखम" असं मोठ्या अक्षरात वर छापलं आणि "मलम" खाली बारीक. प्राची हसून हसून खाली बसली. शेवटी मीच तिला म्हणालो, "जपून गं, तुझ्या पोटातलं पोरसुद्धा मला हसत असंल."

नवी लेबलं छापायची आहेत. त्यावर तुमच्या बऱ्या झालेल्या पायाचा फोटो टाकावा म्हणतो. आपल्याच घरातला पाय, परवानगीचा प्रश्न नाही. एक स्वच्छ फोटो काढून प्राचीच्या फोनवर पाठवा. आणि रविवारी, २४ तारखेला डोहाळजेवण आहे, त्याला दोघांनी यायचं. तुम्हाला चालवत आणतो आणि चार पाहुण्यांसमोर पाय दाखवतो.

मोठेपणाने फुगलेला,
नवनाथ


चौक
२३ नोव्हेंबर २०२४

नवनाथबुवा,

सोबत हिलाच पाठवतोय, तिच्या हाती हे पत्र. मला उद्या येता येणार नाही. झोडणीला माणसं मिळाली आहेत आणि उद्या सोडली तर पुन्हा मिळायची नाहीत. लेकीच्या डोहाळजेवणाला बाप नाही, हे बरं दिसत नाही, कळतं मला. पण बायकांच्या कार्यक्रमात बापाचं काम तरी काय? ओट्यावर बसून जेवणाची वाट बघणं. ते मी इथेही करू शकतो.

फोटो पाठवला आहे. नीट बघा, एक ओरखडासुद्धा सापडायचा नाही. पाय धुऊन, नखं कापून, खाली पांढरा टॉवेल अंथरून काढला. माझ्या लग्नातसुद्धा माझा इतका चांगला फोटो निघाला नव्हता.

मलमाची अजून एक बरणी असली तर द्या. पहिली संपली.

आपला,
धाकलू


चौक
२७ नोव्हेंबर २०२४

व्याहीदादांना इंदूबाईचा नमस्कार.

मी चौथीपतूर शिकलेली हाय, चुकलं तर संभाळून घ्या. हे पत्र ह्यांना ठाऊक नाय. डोहाळजेवणात तुमच्या घरी मी दिवसभर बोलायचं ठरवून आलेली, पन प्राचीचं तोंड बघितलं नि तोंड उघडवंना.

दादा, फोटोतला पाय उजवा हाय. विळा डाव्याला लागलाय.

डाव्या पायाची करंगळी काळी पडली हाय. मोजा काढला की वास येतो. मी दवाखान्यात चला म्हनलं तर बोलतात, दुखत नाय तर दवाखाना कशाला. झोडणी कसली नि काय कसली, चार दिस ओट्यावरून उठले नायत. अंगात ताप हाय.

आनि अजून एक. ह्यांना बरीच वर्सं शुगर हाय. सोयरीक जुळवताना तुमाला सांगितली नाय. मुलीच्या घरात शुगर हाय असं कळलं तर तुमी मागं फिराल असं ह्यांना वाटलं. तवापासून तुमच्यासमोर लाडू पन खातात. आता दवाखान्यात गेले तर ते समदं भाईर येईल. वर मला बोलतात, "व्याह्यांचं मलम टाकून डाक्टरकडं गेलो असं कळलं तर त्यांना काय वाटंल? माझ्या पोरीला तिकडं ऐकून घ्यावं लागंल."

मी बोलले, पोरीला काय ऐकावं लागंल ते लागंल, बाप तर राहील. तर बोलतात, तुला कळत नाय.

दादा, त्यांना माझं ऐकायचं नाय. तुमचं ऐकतील. तुमी येऊन एवढंच सांगा, की तुमचं मलम चांगलं नाय. तुमच्या तोंडातनं आलं तरच सोडतील ते. तुमाला हे सांगनं जड जाईल, मला समजतं. पन मी दुसऱ्या कोनाला सांगू?

इंदूबाई


पनवेल
८ डिसेंबर २०२४

नवनाथबुवा,

दवाखान्यातल्या पलंगावरून लिहितोय. कागद शेजारच्या पेशंटच्या मुलीकडून मागून घेतला. कागद मांडीवर धरलाय, तेव्हा अक्षराला हसू नका.

करंगळी गेली. डॉक्टरांनी काढून टाकली. पाय वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर घोट्यापासून काढावा लागला असता, असं डॉ. अपेक्षा मॅडम म्हणाल्या. त्या वयाने प्राचीएवढ्या आहेत. मला त्यांनी एवढं झापलं की मला ऐकू कमी येतं याचं पहिल्यांदा बरं वाटलं. आयुष्यभर क्लच दाबला त्या डाव्या पायाने. आता निवृत्तीनंतर त्याच्यावर मी असा अन्याय केला.

पण खरी गंमत पुढे. जखम साफ झाली, साखर ताब्यात आली, आणि काल नर्सने नवीन पट्टी बांधायला घेतली. पाकीट फोडलं तर ओळखीचा वास! मी ओरडलो, "अगं बाई, हे मधाचं हाय!" ती म्हणाली, "हो काका, मधाचीच पट्टी आहे." मी म्हणालो, "आमच्या व्याह्यांनी पाठवली काय?" अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. ज्या मधापायी इथवर आलो, तोच मध पुन्हा पायाला! ती नर्स मला काहीतरी समजावत होती, पण मास्कमुळे ओठ दिसेनात आणि मला कळेना.

तसंच तुम्ही मला न्यायला आलात त्या दिवशीचंही मला नीट कळलेलं नाही. तुम्ही रिक्षातून उतरलात, ओट्यावर आलात आणि हातवारे करून ओरडायला लागलात. मला फक्त "टाकळा" एवढं ऐकू आलं. नंतर रिक्षात तुम्ही रडत होतात, असं मला वाटतं. की तापात मला तसं दिसलं? शेजारचा हिरू परवा बघायला आला होता. त्याने कानाशी तोंड आणून सांगितलं की तुम्ही स्वतःलाच शिव्या घालत होतात, आणि सगळी आळी ऐकायला जमली होती. एवढा तमाशा माझ्याच ओट्यावर झाला आणि ऐकायचा मीच राहिलो. काय बोललात ते लिहून पाठवा.

आणि शुगरचं आता तुम्हाला कळलंच आहे. त्याबद्दल काय बोलायचं ते बोला. पण मला बोला, प्राचीला नको.

धाकलू


कडाव
१२ डिसेंबर २०२४

धाकलूबुवा,

लिहायला सांगितलंत, तर लिहितो. हसायचं तिथे हसा. पुढे एक जागा अशी येईल की तिथे मला हसता आलेलं नाही.

विहीणबाईंनी तुमच्या नकळत पत्र लिहून मला एकच काम दिलं होतं, माझं मलम चांगलं नाही असं तुम्हाला सांगायचं. कर्जतपासून चौकपर्यंत मी रिक्षात मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. "बुवा, या खेपेला मेण जरा कच्चं राहिलं." "बुवा, बरणी नीट धुतली नव्हती." प्रत्येक वाक्यात चूक मेणाची नाहीतर बरणीची. माझी एकाही वाक्यात नव्हती. स्वतःला वाचवायची मला केवढी सवय आहे, ते त्या रस्त्यावर कळलं.

तुम्ही ओट्यावर पायावर चादर घेऊन बसला होतात. मी म्हणालो, "बुवा, मलम टाकाऊ आहे."

तुम्ही म्हणालात, "टाकळा? आता थंडीत कुठला टाकळा? पावसाळ्यात या, भाजी खाऊ घालतो."

मी ओरडलो, "माझं मलम! टाकाऊ!"

"झकास हाय! अजून एक बरणी आणलीत काय?"

तेवढ्यात तुमचा हिरू कुंपणापाशी आला. त्याच्यामागे दोन बायका. मग मी सगळं सोडलं आणि घसा फोडून ओरडलो, की मी गाढव आहे, म्हशीचा वैद्य आहे, मला माशी पाळता येत नाही, त्या मला पाळतात, माझ्या मलमाने फक्त मुंग्यांचं कल्याण होतं! हिरू म्हणाला, "बरोबर बोलतात." तुम्ही मात्र हसून हात हलवत होतात, जणू मी तुमची तारीफच करतोय.

शेवटी मी खाली बसलो आणि मोजा स्वतः काढला. तुम्ही माझा हात धरलात. "नको, नवनाथबुवा. तुमाला वाईट वाटंल."

पाय कुजत असताना तुम्हाला काळजी मला वाईट वाटण्याची. तिथे माझं ओरडणं संपलं आणि तुम्हाला धरून मी पनवेलला न्यायला रिक्षात बसवलं. रिक्षात रडत होतो ते खरं आहे, ताप नव्हता तो.

आता ती जागा. शुगरचं मला विहीणबाईंच्या पत्रातून कळलं नाही, धाकलूबुवा. मला लग्नाआधीपासून माहीत होतं. प्राचीने निलेशला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, "माझ्या अप्पांना शुगर आहे, तुमच्या घरी सांगायचं असेल तर आत्ताच सांग." निलेशने आम्हाला सांगितलं. मी म्हणालो, "बापाची शुगर आणि पोरीचा स्वभाव, दोन्ही चालतील." तुम्ही लपवताय हे दिसत होतं, म्हणून तुमचा मान राखून आम्ही माहीत नसल्यासारखं वागलो. तुम्ही लाडू खायचात आणि आम्ही वाढायचो. कोण जास्त मूर्ख, ठरवा.

पण म्हणजे काय झालं बघा. मला ठाऊक होतं आणि तरी मी बरणी पाठवली. शिबिरात मधाचे गुण सांगताना आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की शुगर असलेल्या माणसाच्या पायाला घरगुती काही लावू नका. दुखत नसेल तर जास्त घाबरा, कारण त्याच्या पायाची जाणीवच गेलेली असते. मी मान डोलावली होती. आणि तुमचं "अजिबात दुखत नाही" मी डेअरीवर दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही फोटो उजव्या पायाचा पाठवलात, आणि करंगळी कुठल्या बाजूला आहे हेही मी बघितलं नाही. मला पाय बघायचाच नव्हता. मला लेबल बघायचं होतं.

डॉक्टर मॅडमना मी मधाच्या पट्टीचं विचारलं. त्या म्हणाल्या, मधात गुण आहे, हळदीतही असेल, दगडी पाल्यावरही लोक अभ्यास करतात. पण दवाखान्यातला मध जंतू मारून बंद पाकिटात येतो. शिवाय आधी जखम कापून साफ करावी लागते, रक्तातली साखर उतरवावी लागते, आणि पट्टी उघडून रोज बघणारा माणूस लागतो. मी विचारलं, "माझ्या पेट्यांतल्या मधाचं काय करू?" त्या म्हणाल्या, "भाकरीबरोबर खा. काकांना देऊ नका."

पळसदरीच्या बरण्या परत आणल्या. मेण वेगळं काढून प्राची ते दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्यांना चोळते आहे. घरात आवाज होत नाही आता.

तुम्ही म्हणालात, काय बोलायचं ते बोला. तुम्हाला बोलायचं माझ्याकडे काहीच नाही. तुम्ही मला बोला.

नवनाथ


चौक
५ जानेवारी २०२५

नवनाथबुवा,

तुमचं पत्र वाचलं आणि मला राग आला. माहीत असून बरणी पाठवलीत, याचा. पत्र घडी घालून गादीखाली ठेवलं आणि तुम्हाला काही लिहायचं नाही असं ठरवलं. हिने ओळखलं. म्हणाली, "त्यांनी माहीत असून पाठवली, नि तुमी माहीत असून लावली. शुगर कोनाला होती? त्यांच्या म्हशीला?" मग पत्र गादीखालून काढून पुन्हा वाचलं. राग अजून थोडा आहे, पण तो निम्मा तुमच्याकडे आणि निम्मा माझ्याकडे वाटून दिला आहे. व्याह्यांत असंच असावं.

घरी आलो आहे. पट्टी बदलायला इथल्याच सरकारी दवाखान्यात जातो. जखम भरत आली. चालताना तोल डावीकडे जातो, त्यामुळे मी सरळ चाललो तरी लोकांना वाटतं पिऊन आलो. गोळ्या आणि सुई वेळेवर घेतो. प्राची रोज व्हिडिओ कॉल करून पाय दाखवायला लावते. आधी डावा, मग उजवा. विश्वास उडालाय पोरीचा.

परवा हिरूकडे सत्यनारायण होता. सगळे पुरुष ओट्यावर बसलो होतो. हिरूची सून चहा घेऊन आली. आजवर असा चहा मी गुपचूप प्यायलो आणि घरी येऊन चक्कर आली की ऊन लागलं म्हणून सांगितलं. त्या दिवशी कप हातात घेतला आणि परत ठेवला. मला ऐकू कमी येत असल्यामुळे माझा आवाज किती मोठा निघतो, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणालो, "पोरी, मला बिनसाखरेचा दे. मला शुगर हाय."

सगळे गप्प झाले. गप्प झालेलं मला दिसतं. मला वाटलं, झालं, आता आळीभर होणार.

मग हिरूने स्वतःचा कप खाली ठेवला. सुनेकडे न बघता म्हणाला, "माझापन तसलाच आण." मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून नीट कळलं. पंचवीस वर्षं आमची भिंत एक आहे. त्याच्यापलीकडे आळीतलाच नागू बसला होता, त्याने खाली बघत एक बोट वर केलं, एसटीत तिकीट मागतात तसं. मग भटजींनी पण केलं.

पोरगी आत गेली आणि नवीन आधण ठेवलं. आम्ही तोंडं वाकडी करत तो चहा प्यायलो. फार वाईट लागतो हो. मग नागू उठून माझ्या कानाशी आला आणि त्याने विचारलं, "धाकलू, तुझे ते डॉक्टर कुठे बसतात?"

उद्या आम्ही दोघं सकाळच्या एसटीने पनवेलला चाललोय.

धाकलू